ख्रिसमसच्या सुट्टीत कुकीवाली ब्राउनी: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा मी कुकीवाली ब्राउनी केली तेव्हा कुकीज मिक्सरला फिरवल्या होत्या. हाताने तुकडे करायचा कंटाळा, दुसरं काही कारण नाही. दोन सेकंदांत निम्म्या कुकीजचा भुगा झाला, तो पण मी "वाया कशाला घालवायचा" म्हणून मिश्रणात ढकलला आणि ओव्हनमधून जे बाहेर आलं त्यात सुरी जाईना. दुसऱ्या वेळी शहाणी होऊन मोठे तुकडे केले पण ते भाजायच्या आधीच वर लावले, ते काळेकुट्ट झाले. तिसऱ्या वेळी टूथपिक नेमकी कुकीच्या क्रीममध्ये घुसली, मला वाटलं कच्चं राहिलंय म्हणून अजून दहा मिनिटं ठेवलं आणि परत वीट.

तिन्ही वेळा ब्राउनीची रेसिपी बरोबर होती हो, गोंधळ सगळा कुकीने घातला होता. कुकी आधीच भाजलेली आणि कोरडी असते. मिश्रणात गेली की ती ओलावा प्यायला लागते, वर ठेवली की दुसऱ्यांदा भाजली जाते, आणि आत लपली की टूथपिकला फसवते. एवढं लक्षात ठेवलंत तर खाली मी जी कटकट केली आहे ती का केली आहे ते कळेल.

## १. आधी सामान ओट्यावर काढून ठेवा

८ इंची (२० सेंमी) चौकोनी टिनसाठी हे माप आहे, १६ तुकडे होतात:

- डार्क चॉकलेट १७० ग्रॅम (५० ते ६० टक्के कोकोवालं)
- बिनमिठाचं बटर ११५ ग्रॅम
- बारीक दाण्याची साखर २०० ग्रॅम
- मोठी अंडी २, फ्रिजबाहेर काढून थंडपणा गेलेली
- व्हॅनिला इसेन्स १ टीस्पून
- मैदा ७० ग्रॅम
- कोको पावडर २० ग्रॅम, बिनसाखरेची
- मीठ पाव टीस्पून (बटर मीठवालं असेल तर मीठ घालूच नका)
- कुकीज १५० ग्रॅम (भुगा चाळून काढल्यावर, म्हणून दोन-तीन जास्तच घ्या), त्यातल्या १०० मिश्रणात आणि ५० वरून

सजावटीला व्हाइट चॉकलेट ६०-७० ग्रॅम, पुदिन्याच्या कँडी केन (लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, काठीसारख्या कडक साखरेच्या गोळ्या) दोन-तीन, आणि स्प्रिंकल्स आवडत असतील तर.

नुसती ब्राउनी करते तेव्हा मी मैदा ८० ग्रॅम घेते, इथे मुद्दाम १० ग्रॅम कमी केलाय कारण कुकीतून पीठ जातंच आहे. बेकिंग पावडर लिहायची विसरलेली नाही, ती यात नसतेच, घातलीत तर केक होईल.

उपकरणं फार नाहीत: वजनकाटा, चाळणी, व्हिस्क किंवा हँड बीटर, सिलिकॉनचा स्पॅचुला, बटर पेपर, थंड करायची जाळी, टूथपिक. यातला वजनकाटा सोडू नका. कपाने मोजलं की एकाच कपात मैदा अलगद भरला तर १२० ग्रॅमच्या आसपास बसतो, दाबून भरला तर १५० पर्यंत जातो, आणि ब्राउनीत तेवढ्या फरकाने सगळं बदलतं.

चॉकलेट घेताना पाकिटावरची घटकांची यादी वाचा. कोको बटरच्या जागी दुसरंच वनस्पती फॅट लिहिलेलं असेल तर ते कंपाउंड चॉकलेट. वरच्या सजावटीला ते चालतं, उलट सोपं पडतं कारण पटकन सेट होतं, पण मुख्य मिश्रणात मात्र खरं डार्क चॉकलेटच घ्या.

## २. कुकी कुठली घ्यायची

इथे थोडा वेळ घालवा. मी बऱ्याच प्रकारच्या घालून बघितल्यात.

क्रीमवाल्या सँडविच कुकीज (ओरिओसारख्या): सगळ्यात सोप्या. आतलं क्रीम उष्णतेने जरासं वितळून मिश्रणाला चिकटतं, बाहेरची काळी कुकी मऊ होते पण गायब होत नाही. साधारण १३-१४ कुकीजमध्ये १५० ग्रॅम भरतात.

आल्याच्या कडक कुकीज: माझ्या सगळ्यात आवडत्या. कडक असल्यामुळे भाजून झाल्यावरही दाताखाली येतात, आणि आलं, दालचिनी, लवंग असा मसाल्याचा वास चॉकलेटबरोबर आला की लगेच ख्रिसमस वाटतो, वेगळी सजावट करायची पण गरज नाही.

शॉर्टब्रेड: बटर भरपूर असतं त्यामुळे लवकर सादळत नाही. चव सौम्य असते, त्यामुळे ब्राउनी खूप गोड वाटत असेल तर हीच घ्या.

चॉकलेट चिप कुकीज: फक्त कुरकुरीत असतील तरच. मऊ, चिवट प्रकारच्या आत जाऊन विरघळल्यासारख्या होतात, मग कुकी घातली हे सांगावं लागतं.

क्रीम वेफर घालू नका, दुधात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखा लगदा होतो. आणि डब्यात उघड्या राहून आधीच सादळलेल्या कुकीज संपवायची ही जागा नाही, मी तेही केलंय.

## ३. तुकडे हातानेच करा

क्रीमवाल्या कुकीज असतील तर १५-२० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे तोडताना क्रीम बोटांना फासलं जात नाही. मग प्रत्येक कुकीचे हाताने तीन-चार तुकडे, दीड ते दोन सेंमीचे. एकसारखे व्हायला पाहिजेत असं अजिबात नाही, थोडे वेडेवाकडेच छान दिसतात.

आता सगळे तुकडे मोठ्या भोकांच्या चाळणीत घालून एकदा हलवा. खाली जो भुगा पडेल तो मिश्रणात जाऊ द्यायचा नाही. तुकडा फक्त बाहेरून ओलावा पितो, पण भुगा म्हणजे सरळ जादाचा मैदाच, माझी पहिली वीट त्याचीच होती. तो भुगा वाटीत ठेवा, शेवटी व्हाइट चॉकलेटवर भुरभुरवायला कामाला येतो.

चाळून उरलेले तुकडे वजन करून १०० आणि ५० ग्रॅम असे वेगळे ठेवा. चांगले दिसणारे तुकडे वरच्या ५० मध्ये.

## ४. ओव्हन आणि टिन

ओव्हन १७५ अंश सेल्सिअसला प्रीहीट करायला ठेवा. ओटीजी असेल तर वरची-खालची दोन्ही रॉड चालू, टिन मधल्या रॅकवर, आणि निदान १५ मिनिटं तापू द्या. पंखा चालू असलेला कन्व्हेक्शन मोड असेल तर १६० ठेवा. साध्या मायक्रोवेव्हमध्ये, म्हणजे ज्यात कन्व्हेक्शन नाही, त्यात ही ब्राउनी होणार नाही, उगाच सामान वाया घालवू नका.

टिनला बटरचा हात लावून बटर पेपर असा घाला की दोन बाजूंनी पट्ट्या बाहेर लोंबतील. नंतर त्याच धरून अख्खी ब्राउनी वर उचलायची आहे. मेणकागद आणि बटर पेपर दिसायला सारखे असतात, मेणकागद ओव्हनमध्ये घालू नका, मेण वितळतं आणि धूर होतो.

काचेचं भांडं असेल तर चालेल पण काच हळू तापते आणि तापली की उष्णता धरून बसते, त्यामुळे तापमान १५ अंशांनी कमी करा आणि वेळ थोडा वाढेल हे धरून चाला. काळ्या रंगाच्या टिनमध्ये कडा लवकर कडक होतात, तिथे पाच मिनिटं आधीच लक्ष ठेवा.

## ५. मिश्रण

चॉकलेटचे बारीक तुकडे आणि बटर एका कोरड्या बाउलमध्ये घ्या. पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करून त्यावर बाउल ठेवा, बाउलचा तळ पाण्याला लागता कामा नये. मायक्रोवेव्हमध्ये करत असाल तर २०-३० सेकंद, ढवळा, परत २०-३० सेकंद, असं. एकदम दोन मिनिटं लावून दुसऱ्या कामाला जाऊ नका. बाउल, चमचा सगळं कोरडं पाहिजे, वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन-चार थेंब गेले तरी त्याच्या गुठळ्या होतात.

वितळलं की बाजूला ठेवून कोमट होऊ द्या. ही दहा मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात आणि नेमकी इथेच घाई होते. अंड्याचा पांढरा भाग ६०-६२ अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतो, म्हणजे कढत चॉकलेट अंड्यात ओतलं की चॉकलेटी भुर्जी. थर्मामीटर नसेल तर बाउलच्या बाहेरून तळहात लावा, आरामात धरता आला पाहिजे.

तोपर्यंत दुसऱ्या मोठ्या बाउलमध्ये अंडी, साखर, मीठ, व्हॅनिला घेऊन फेटा, बीटरने ३-४ मिनिटं, हाताने फेटत असाल तर दंड भरून येईपर्यंत. रंग फिकट होतो, मिश्रण दाट होतं, आणि बीटर वर उचलला की धार लगेच बुडत नाही, एखादा सेकंद वर रेघ दिसत राहते. ब्राउनीवर तो कागदासारखा पातळ, चकचकीत, तडे गेलेला पापुद्रा येतो ना, तो या फेटण्यातून येतो. साखर अंड्यात नीट विरघळली तर तो येतो, दाणे राहिले तर वरचा भाग निस्तेज राहतो. म्हणूनच बारीक साखर सांगितली. जाड असेल तर मिक्सरला एकदाच फिरवा (कुकीज नाही, साखर!).

आता कोमट चॉकलेट यात ओता, स्पॅचुलाने एकजीव करा. वर मैदा आणि कोको एकत्र चाळा. बीटर आता बाजूला, स्पॅचुलाने कट अँड फोल्ड, म्हणजे मधून कापायचं, तळापासून वर उचलून उलटायचं. पिठाची शेवटची पांढरी रेघ दिसत असतानाच कुकीचे १०० ग्रॅम तुकडे घाला आणि अजून सात-आठ वेळा फिरवून थांबा. कुकी घातल्यावर जास्त ढवळलं की तुकडे मोडतात आणि मग भुगा चाळून काढलेला फुकट.

आणि कुकी घातली की लगेच टिनमध्ये. फोन आला तर वाजू दे. दहा-पंधरा मिनिटं मिश्रण तसंच बसलं तर तुकडे ओलावा ओढून घेतात आणि मिश्रण बघता बघता घट्ट होतं.

स्पॅचुला चाटायचा मोह सगळ्यांना होतो, पोरांना तर होतोच, पण यात कच्चं अंडं आहे आणि कच्चा मैदाही आहे, कच्च्या मैद्यातूनही पोट बिघडू शकतं. भांडं सरळ सिंकमध्ये टाका.

अंडं चालत नसेल तर: प्रत्येक अंड्यामागे ६० ग्रॅम घट्ट, आंबट नसलेलं दही आणि एकूण पाव टीस्पून बेकिंग पावडर. खायला छान लागते पण वरचा पापुद्रा येणार नाही आणि थोडी केककडे झुकते. कुकीच्या पाकिटावर पण अंड्याचा उल्लेख आहे का बघा, ते हमखास राहून जातं.

## ६. भाजणं

मिश्रण टिनमध्ये ओतून कोपऱ्यांपर्यंत सारखं पसरा. कुकीचे तुकडे मध्येच गोळा झाले असतील तर स्पॅचुलाने कडेला ढकला, नाहीतर मधला भाग उंच आणि कडा चपट्या होतात.

टिन आत ठेवा आणि १२ मिनिटांचा टायमर लावा. बारा मिनिटांनी वरती नुकती पातळ साय धरल्यासारखं दिसतं, आतून अजून लिबलिबीत असतं. आता टिन बाहेर काढा, ओव्हनचं दार लगेच बंद करा, म्हणजे आतली उष्णता जाणार नाही, आणि राखलेले ५० ग्रॅम तुकडे वर लावून हलकेच अर्धे आत दाबा. पटपट, अर्ध्या मिनिटात. पापुद्रा तिथे तिथे फुटेल, फुटू दे. परत आत ठेवा.

असं अर्ध्यात लावलं की वरच्या कुकीज करपत नाहीत, नुसत्या भाजक्या वासाच्या होतात. पहिल्यापासून लावल्या तर पूर्ण वेळ वरच्या आचेत राहतात आणि विशेषतः क्रीमच्या कडा तपकिरी होऊन कडू लागतात.

आता अजून १२ ते १५ मिनिटं, पण दहाव्या मिनिटापासून बघायला लागा. कुठल्याच रेसिपीतल्या मिनिटांवर, माझ्या पण, आंधळा विश्वास ठेवू नका कारण प्रत्येक ओव्हन आपल्या मर्जीचा असतो. बघायचं काय ते सांगते. कडेचा दोन सेंमी भाग नीट बसलेला आणि टिनपासून किंचित सुटायला लागलेला. टिन हलकेच हलवला तर मधला भाग लाटेसारखा हलायला नको, फार तर जेलीसारखा थरथरावा.

मग टूथपिक. कडा आणि मध्य यांच्या बरोबर मधोमध घाला, आणि एकदा घालून निकाल लावू नका, तीन जागी घाला. एखाद्या जागी पांढरट चिकट लागलं तर ते क्रीम आहे, कोरडी निघाली तर कदाचित कुकीत घुसली असेल. जिथे नुसती ब्राउनी लागली तीच जागा धरायची, आणि तिथे टूथपिकला ओलसर कण चिकटलेले हवेत. पातळ मिश्रणाचा ओघळ असेल तर तीन मिनिटं अजून. स्वच्छ कोरडी निघाली तर उशीर झालाय, ताबडतोब बाहेर काढा.

शंका असेल तर थोडं आधी काढलेलं परवडतं, कारण गरम टिनमध्ये ती बाहेर आल्यावरही काही वेळ शिजत असते.

## ७. थंड करा, मग कापा

या पायरीला सगळे हरतात. घरभर वास सुटलेला असतो आणि कोणीतरी "एक तुकडा तर दे" म्हणतंच. गरम कापली तर आत चिखल दिसतो आणि आपल्याला वाटतं कच्ची राहिली, परत ओव्हनमध्ये ढकलतो, संपलं. टिन जाळीवर ठेवून पूर्ण गार होऊ द्या, मग तास-दोन तास फ्रिजमध्ये.

बटर पेपरच्या पट्ट्या धरून वर उचला. लांब, बिनदातेरी सुरी गरम पाण्यात बुडवायची, पुसायची, आणि सरळ खाली दाबून कापायचं, पुढेमागे करवतीसारखं नाही, नाहीतर कुकीचे तुकडे ओढले जाऊन खड्डे पडतात. प्रत्येक कापानंतर सुरी परत पुसा. कंटाळवाणं आहे, पण कडा अशा येतात की दुकानातली वाटते.

ख्रिसमस ट्रीचा आकार पाहिजे असेल तर कटर नको, निम्मी ब्राउनी उरते. चौकोनाचे आधी मधोमध कापून दोन लांब पट्टे करा, १० सेंमी रुंदीचे. मग प्रत्येक पट्ट्यात नागमोडी कापत त्रिकोण काढा, पाया साधारण साडेसहा सेंमी. एका पट्ट्यात ५ अख्खे त्रिकोण आणि टोकांना २ अर्धे, म्हणजे एकूण १० झाडं. ४ अर्धे तुकडे करणाऱ्याचे, असा माझ्याकडे नियम आहे. पायाशी कँडी केनचा सरळ भाग तोडून खोचला की खोड झालं.

## ८. सजावट

व्हाइट चॉकलेट फार नाजूक, डार्कपेक्षा लवकर जळतं. मायक्रोवेव्ह अर्ध्या पॉवरवर, १५-१५ सेकंद. छोट्या पिशवीत भरून कोपरा अगदी सुईएवढा कापा आणि झाडावर आडव्या नागमोडी रेघा मारा. लाल-हिरवा रंग करायचा असेल तर पाण्यातला रंग चालत नाही, त्याने पण गुठळ्या होतात, तेलातला किंवा पावडरचा रंग घ्या.

रेघा ओल्या असतानाच राखून ठेवलेला कुकीचा भुगा भुरभुरवा. बारीक रंगीत मण्यांसारखे स्प्रिंकल्स मात्र चॉकलेट अर्धवट सुकल्यावर, नाहीतर त्यांचा रंग पांढऱ्यावर उतरतो.

कँडी केनचा चुरा सगळ्यात शेवटी, खायच्या किंवा द्यायच्या दिवशीच. एकदा मी आदल्या रात्री लावून डबा बंद करून ठेवला होता, सकाळी प्रत्येक तुकड्यावर गुलाबी पाक आणि झाकणाला सगळं चिकटलेलं. साखरेची कँडी हवेतला आणि ब्राउनीतला ओलावा ओढते, तिला दोष देऊन उपयोग नाही. भाजायच्या आधी पण लावू नका, वितळून चट्टे पडतात.

## ९. जास्त लोकांसाठी आणि आधी करून ठेवायची असेल तर

दुप्पट करायची असेल तर ९ बाय १३ इंचाचा टिन घ्या. ८ इंची चौकोनाचं क्षेत्रफळ ६४ चौरस इंच आणि याचं ११७, म्हणजे जवळजवळ दुप्पट, जाडी थोडीच वाढते, पाच-सात मिनिटं जास्त लागू शकतात. घरात ९ इंची चौकोनी टिन आहे म्हणून त्यातच हे माप घातलं तर ब्राउनी पातळ होते, मग पाच मिनिटं आधीच टूथपिक घेऊन उभे राहा.

हवाबंद डब्यात, थरांच्या मध्ये बटर पेपर घालून, बाहेर ३-४ दिवस छान राहते. दुसऱ्या दिवशी चव जास्त मुरलेली लागते, पण वरच्या कुकीज हळूहळू सादळतात, ते थांबवता येत नाही. फ्रीजरमध्ये सजावट न करता, प्रत्येक तुकडा क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून पिशवीत ठेवला तर तीन महिने टिकतो. सुट्टीच्या दोन आठवडे आधी करून ठेवायची असेल तर हाच मार्ग. बाहेर काढल्यावर गुंडाळलेलीच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, आधी सोडली तर वर पाणी धरतं. मग रेघा, भुगा, कँडी.

डबे भरून वाटणार असाल तर झाकणावर चिठ्ठी लावा: अंडं, दूध, गहू, आणि कुकीत किंवा चॉकलेटमध्ये सोया, नट्स असतील तर तेही, पाकिटावर बघूनच लिहा. म्हणून कुकीचं रिकामं पाकीट सगळं पॅक होईपर्यंत फेकू नका, मी गेल्या वेळी कचऱ्याच्या डब्यातून परत काढलं होतं.